मिलिमीटरची साक्ष

मालवणची खडपे आणि त्यांच्यामागचे कातळाचे सडे इथल्या बारीकसारीक जिवांचे फोटो काढण्यात बरीच वर्षे गेली. या काळात माझी अनेक मते बदलली, पण एक मात्र पक्के होत गेले. लहान वस्तूचा जवळून काढलेला फोटो मोजपट्टीशिवाय असेल, तर त्याचे निम्मे काम राहून गेलेले असते. मॅक्रो फोटोग्राफी करणाऱ्या बऱ्याच जणांना हे रुचत नाही. त्यांच्या आक्षेपांत तथ्य आहे आणि त्यांना उत्तर देणे भागच आहे. पण आधी हे मत कशावर उभे आहे ते सांगतो.

लांबून काढलेल्या फोटोत मापाची सोय आपसूक झालेली असते. किल्ल्याच्या तटाखाली होडी दिसते, होडीत माणूस दिसतो आणि तट केवढा उंच असेल याचा अंदाज कोणीही बांधतो. मॅक्रो लेन्स नेमका हाच आधार काढून घेते. चौकटीत उरते ती वस्तू आणि तिच्यामागचा धूसर रंग. पावसाळ्यात सड्यावरच्या पातळ मातीत उगवणारी दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती घ्या. तिच्या पानांवरचे लाल केस आणि केसांच्या टोकांचे चिकट थेंब फोटोत एवढे मोठे दिसतात, की ती कधी न पाहिलेल्या माणसाला हातभर झुडूप वाटावे. प्रत्यक्षात बर्मनी जातीच्या पानांचे अख्खे चक्र दोनेक सेंटिमीटरमध्ये संपते. शिवाय निसर्ग एकच नक्षी अनेक मापांत वापरतो. ओहोटीचे पाणी चिवला किनाऱ्याच्या ओल्या वाळूत ओघळ काढत जाते. ते ओघळ चार बोटांचे असोत की चार मीटरचे, त्यांना फाटे तसेच फुटतात. भूशास्त्राचे विद्यार्थी खडकाच्या फोटोत हातोडा ठेवतात तो यासाठीच.

माप हरवल्याने प्रत्यक्ष नुकसान काय होते, हे प्रवाळांच्या बाबतीत सगळ्यात स्पष्ट दिसते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत, आणि त्यांतल्या अनेक वसाहतींचा पृष्ठभाग जवळून पाहिला तर मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. शेजारी शेजारी घरे, मध्ये भिंती. पोरायटिस या प्रजातीत एकेक घर जेमतेम दीड मिलिमीटरचे असते, तर फेवायटिसमध्ये ते सेंटिमीटरच्या आसपास जाते. जाणकार माणूस घरांच्या आतल्या पडद्यांवरून दोन्ही वेगळे करील, हे खरे. पण पाणी गढूळ असते, फोटो किंचित हललेला असतो, आतले पडदे दिसत नाहीत, आणि मग सहापट मोठे घर आणि सहापट लहान घर फोटोत एकसारखे भरते. कडेला पाच मिलिमीटरची रेघ असती तर हा प्रश्नच उरला नसता. त्याहून महत्त्वाची गोष्ट काळाची आहे. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात, काही सावरतात, काही मरतात आणि त्यांच्यावर शेवाळ पसरते. एकाच वसाहतीचे या वर्षीचे आणि पुढच्या वर्षीचे फोटो शेजारी ठेवले, तर मेलेला भाग वाढला की कॅमेराच जास्त जवळ नेला होता, हे पट्टीशिवाय सांगता येत नाही.

पूर्वी ही उणीव चालून जात असे, कारण नमुना हाताशी असे. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे गोळा करून संग्रहालयात ठेवले जात. फोटो शंका उत्पन्न करू लागला, तर बाटलीतला नमुना मोजता येत असे. आता तसे नाही, आणि नाही हे योग्यच आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या पट्ट्याबाहेरही प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. उचलून आणायचे नाही, हा नियम झाला. मग मागे काय उरते? फोटो उरतो. नमुन्याचे काम आता फोटोवर येऊन पडले आहे, आणि नमुना ज्या प्रश्नांची उत्तरे देत असे त्यांतला पहिला प्रश्न ‘केवढा?’ हाच होता. सड्यावरच्या वनस्पतींचेही तेच. गेंदांच्या कुळातली एक नवी जात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी सिंधुदुर्गातून काही वर्षांपूर्वी नोंदवली, ‘एरिओकॉलॉन पार्व्हिसेफॅलम’. तिचे पुष्पगुच्छ बारीक आहेत, हीच तिची खूण. गेंदांच्या जाती दिसायला इतक्या सारख्या, की त्या ओळखायला फुलांचे भाग आणि बिया भिंगाखाली घ्याव्या लागतात. अशा कुळात मापाशिवायचा सुंदर फोटो वर्षानुवर्षे संगणकात पडून राहतो आणि अभ्यासकाच्या कामी येत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे अभ्यासकांचे झाले, सामान्य माणसाला मिलिमीटरशी काय करायचे? त्याचे उत्तर बंदरावर आहे. राज्य सरकारने २०२३ साली ५४ प्रजातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले. त्याहून लहान मासळी पकडायची नाही. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७० अशी ही मापे आहेत. अंडी घालण्याआधीच मासा जाळ्यात गेला तर पुढचे साल रिकामे जाते, हे रापण ओढणाऱ्या मच्छीमाराला कोणी शिकवायला नको. पण नियम मिलिमीटरमध्ये आहे आणि लिलावाच्या जागेवरचे बहुतेक फोटो टोपलीचे असतात. टोपली केवढी, हे कोणालाच ठाऊक नसते. तक्रार करणारा म्हणतो पिल्ले आहेत, विकणारा म्हणतो जातच लहान आहे, आणि फोटो दोघांच्याही बाजूने बोलतो. जाळ्याच्या आसाचे, म्हणजे डोळ्याचेही असेच. आस किती बारीक, यावरून या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात कटुता आली आहे, आणि एकाच आसाचा फोटो जवळून काढला तर मोठा आणि लांबून काढला तर बारीक दिसतो.

मग लोक नाणे ठेवतात. नाणे खिशात असते, सगळ्यांच्या ओळखीचे असते, आणि काहीच नसण्यापेक्षा ते बरे, हेही मान्य. पण रुपयाचे नाणे म्हणजे नेमके कोणते? १९९२ पासूनचे पोलादी नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे, २०११ च्या मालिकेतले २१.९३ आणि २०१९ च्या मालिकेतले २०. तिन्ही अजून चलनात आहेत आणि तिन्ही ‘एक रुपया’च आहेत. ११० मिलिमीटरचे पापलेट नव्या नाण्याशेजारी ठेवून फोटो काढला आणि पाहणाऱ्याने ते जुने २५ चे नाणे समजून हिशेब केला, तर मासा १३७ मिलिमीटर भरतो. बेकायदा मासा कागदावर कायदेशीर होतो. काडेपेटी, पेनचे टोपण, बोट, सगळ्यांची हीच गत. सूक्ष्मदर्शक नवा होता तेव्हाही माणसांपुढे हाच प्रश्न होता. लेव्हेनहूक आपल्या जिवाणूंचे माप वाळूच्या कणाशी तुलना करून सांगत असे. वाळू म्हणजे मात्र शास्त्राच्या वर्गीकरणात मिलिमीटरच्या सोळाव्या भागापासून दोन मिलिमीटरपर्यंत काहीही. देवबागच्या संगमावर मूठभर वाळू उचलली तरी तिच्यात नाना मापांचे कण निघतात. रॉबर्ट हूकची रीत जास्त भरवशाची होती. १६६५ साली आलेल्या ‘मायक्रोग्राफिया’त त्याने ती सांगितली आहे. एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावायचा, दुसऱ्या उघड्या डोळ्याने पट्टीकडे पाहायचे आणि दोन्ही चित्रे एकमेकांवर आणून मोजायचे. ओळखीच्या वस्तूवर न विसंबता आखलेल्या मापाशी वस्तू ताडून पाहायची, ही समज त्याला साडेतीनशे वर्षांपूर्वी होती.

इथवरचे बहुतेकांना पटते. खरा वाद पुढे आहे. पट्टी ठेवली म्हणजे माप खरे झाले, असे मुळीच नाही. चुकीच्या जागी ठेवलेली पट्टी नसलेल्या पट्टीपेक्षा जास्त नुकसान करते, कारण तिच्यावर लोक विश्वास ठेवतात. पट्टी मोजायच्या वस्तूच्याच पातळीत हवी. कॅमेऱ्यापासून वस्तू दहा सेंटिमीटरवर आणि पट्टी तिच्या अर्धा सेंटिमीटर मागे असेल, तर पट्टी आकसलेली दिसते आणि वस्तू पाच टक्क्यांनी मोठी मोजली जाते. कुर्ली सपाट खडकावर बसलेली असते, पट्टी आपण खडकावर टेकवतो, आणि मोजायची असते तिची पाठ, जी खडकापासून दोनतीन सेंटिमीटर वर असते. तेव्हा पट्टीखाली दगड, लाकडाचा तुकडा, काहीतरी देऊन ती पाठीच्या उंचीला आणावी लागते. दुसरी अट कोनाची. टोपलीत तिरप्या पडलेल्या माशाचा फोटो वरून काढला आणि मासा कॅमेऱ्याशी तीस अंशांनी कललेला असला, तर १४० मिलिमीटरचे पापलेट सपाट पट्टीवर १२१ भरते. म्हणजे इथे निर्दोष माणूस गुन्हेगार ठरतो. न्यायवैद्यक तपासात यावर एक चांगला उपाय रूढ आहे. त्यांची पट्टी काटकोनी असते आणि तिच्यावर वर्तुळे छापलेली असतात. फोटोत वर्तुळ लांबट दिसले की कॅमेरा तिरपा होता हे कोणालाही कळते, आणि किती तिरपा होता याचा हिशेबही मांडता येतो. साध्या पट्टीला ही सोय नाही. म्हणून मासा सपाट फळीवर, पट्टी त्याच्या लांबीला समांतर आणि कॅमेरा सरळ वर, एवढे तरी पाळावे. शिवाय कोणती लांबी मोजली तेही लिहावे. पापलेटच्या शेपटीची टोके बऱ्याचदा तुटलेली असतात. माकुलाचे हात ताणावेत तेवढे लांब होतात, म्हणून त्याचे फक्त धड मोजतात. पाकट मोजतात ती रुंदीत.

मॅक्रो लेन्स वापरणाऱ्याला एक आयती खूण मिळते, आणि तिची कदर व्हावी तेवढी होत नाही. वस्तू सेन्सरवर मूळ मापाचीच, म्हणजे एकास एक, उमटते तेव्हा, एफ अकरा इतक्या बारीक छिद्रावरही, स्पष्ट दिसणारा थर सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे शंखाची कड आणि पट्टीवरच्या रेघा दोन्ही धारदार आल्या असतील, तर दोन्ही जवळजवळ एका पातळीत आहेत याची ग्वाही फोटो स्वतःच देतो. पट्टी धूसर आली असेल तर तिच्यावरून मोजू नये. मोबाइलमध्ये ही ग्वाही मिळत नाही. मोबाइलचा मॅक्रो बहुतेक वेळा रुंद कोनाच्या लेन्सने तीनचार सेंटिमीटरवरून काढलेला असतो आणि त्यात पुढचे-मागचे पुष्कळसे स्पष्ट येते. तीन सेंटिमीटरवरची वस्तू आणि तिच्यामागे अर्धा सेंटिमीटरवरची पट्टी दोन्ही स्वच्छ दिसतात, आणि माप सतरा टक्क्यांनी चुकते. मोबाइल वापरू नये असे मी म्हणत नाही. गावोगावच्या नोंदी आज मोबाइलवरच होत आहेत आणि ते चांगलेच आहे. मोबाइल थोडा लांब धरावा, झूम करावे आणि पट्टी चौकटीच्या कडेला न ढकलता वस्तूच्या शेजारी ठेवावी, एवढ्याने निम्म्याहून अधिक चूक जाते.

आता नंतर जोडलेल्या मापरेषेविषयी. संगणकावर फोटो उघडायचा, कोपऱ्यात पांढरी रेघ काढायची आणि ‘१ मिमी’ लिहायचे, हे दोन मिनिटांचे काम आहे. छापील मजकुरात ही रेघ हवीच, कारण ‘पाचपट मोठे केलेले चित्र’ हे शब्द मासिकाच्या पानावर खरे असतील तर मोबाइलच्या पडद्यावर आणि सभागृहातल्या भिंतीवर खोटे ठरतात. रेघ मात्र चित्राबरोबर लहानमोठी होते. प्रश्न एवढाच, की ती रेघ कशावरून काढली. तिच्यामागे तीन प्रकारचे पुरावे असू शकतात. चौकटीत खरी पट्टी होती आणि तिच्यावरून रेघ काढली, हा पहिला आणि उत्तम. फोकस तसाच ठेवून, वस्तू बाजूला झाल्यावर त्याच जागी पट्टीचा दुसरा फोटो काढला, हा दुसरा आणि जवळजवळ तेवढाच चांगला. तिसरा हिशेबाचा. छत्तीस मिलिमीटर रुंद सेन्सरवर सहा हजार पिक्सेल असतील आणि लेन्स एकास एकवर असेल, तर एका मिलिमीटरला १६७ पिक्सेल पडतात. गणित बरोबर आहे, पण त्याला अटी आहेत. लेन्स खरोखर त्या खुणेवर होती का? मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब होती का? फोटो कापला का? यांतल्या एकाही प्रश्नाला ‘आठवत नाही’ हे उत्तर असेल, तर ती रेघ काढूच नये. ‘इमेजजे’सारखा मोफत प्रोग्रॅम कोणत्याही फोटोवर मुकाट्याने रेघ काढून देतो. मिलिमीटरला किती पिक्सेल, हे आपण सांगू ते तो खरे धरतो.

पाण्याखाली तर हिशेब सरळ फसतो. लेन्ससमोर सपाट काच, तिच्या आत हवा आणि बाहेर पाणी, यामुळे प्रकाश वळतो आणि वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. कोरड्या जमिनीवर ठरावीक अंतरासाठी लेन्सचे माप ठरवून घेतले आणि तारकर्लीच्या पाण्यात उतरून त्याच अंतरावर तेच आकडे वापरले, तर प्रत्येक गोगलगाय तेवढी फुगते. चौकटीत ठेवलेल्या पट्टीला मात्र याची बाधा नाही. वस्तू मोठी दिसते तशी पट्टीही मोठी दिसते, गुणोत्तर कायम राहते. सगळ्या रीतींत पट्टीच का श्रेष्ठ, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

सौंदर्याचा आक्षेप मी सगळ्यात हलका मानतो, पण तो टाळत नाही. सीतेची आसवं नावाच्या निळ्याजांभळ्या फुलाशेजारी काळी-पांढरी पट्टी आली की फोटोचे चित्रपण जाते, हे खरेच आहे. त्यासाठी दोन फोटो काढावेत. एक पट्टीचा, एक पट्टीशिवायचा, कॅमेरा न हलवता. प्रदर्शनात दुसरा लावावा, नोंदीत पहिला ठेवावा. जिवाच्या त्रासाचा आक्षेप मात्र जड आहे. आंबोलीत पहिल्या पावसात रात्री फोटो काढणाऱ्यांची गर्दी उसळते. २००९ साली स्वतंत्र प्रजातीत मांडलेला आंबोली टोड, झान्थोफ्रायनी टायग्रिना, त्याच दिवसांत कातळावरच्या उथळ पाण्यात विणीला येतो. त्याच्याजवळ पट्टी सरकवणे, त्याला उचलून पट्टीवर बसवणे, हे कोणत्याही मापाच्या मोलाचे नाही. बेडकांची ओली त्वचा नाजूक असते, आणि एका जागेवरची बुरशी हातांवरून आणि पट्टीवरून दुसरीकडे जाते. अशा वेळी मापरेषेसाठी वर सांगितलेली दुसरी रीत कामी येते. जीव आपणहून निघून गेला की त्याच जागेवर पट्टी ठेवून फोटो घ्यावा, नाहीतर तो ज्या पानावर बसला होता ते पान मोजावे. तेही जमत नसेल तर माप नाही, असे स्वच्छ लिहावे. मापाच्या हट्टापायी वीण मोडणाऱ्याला माझा कोणताही युक्तिवाद आधार देणार नाही.

पट्टीला एक मर्यादाही आहे. ती लांबी सांगते, खोली सांगत नाही. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पे आता कोकणातल्या इतर कातळशिल्पांसह २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांच्या कोरीव रेषा किती झिजल्या हे जाणायचे, तर रेषेची रुंदी आणि खोली दोन्ही हवीत. शैलचित्रांच्या अभ्यासकांची दहा सेंटिमीटरची रंगपट्ट्यांसह पट्टी रुंदी आणि जांभ्या दगडाचा रंग दोन्ही नोंदवते. खोलीसाठी सकाळी किंवा संध्याकाळी तिरक्या उन्हात वेगळा फोटो काढावा लागतो आणि चरात उभी पट्टी धरावी लागते.

हे सगळे कोणी करायचे, असा प्रश्न शेवटी येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आणली. नोंदवहीत फोटो चिकटवले जातात. त्या प्रत्येक फोटोत पट्टी असावी, एवढी एक अट समितीने स्वतःच घालून घ्यावी असे मला मनापासून वाटते. त्याला खर्च नाही. पट्टी घरी छापता येते, फक्त छापताना प्रिंटरची ‘पानात बसवा’ ही सोय बंद करावी, कारण ती शंभराचे सत्त्याण्णव करू शकते. छापून झाल्यावर स्टीलच्या पट्टीवर शंभर मिलिमीटर ताडून पाहावेत. स्टीलची पट्टी स्वतः चौकटीत नको, उन्हात ती चमकते आणि रेघा पुसल्या जातात. कागद राखाडी, रेघा काळ्या, कोपऱ्यात एक वर्तुळ. वर मॅट प्लॅस्टिक चढवावे, चकचकीत नको. पावसाळ्यात ते मिठाच्या पाण्याने आणि चिखलाने खराब होते, तेव्हा अशा पाच-सहा पट्ट्या एकदमच करून ठेवाव्यात, आणि एका ओढ्यावरची पट्टी धुऊन सुकवल्याशिवाय दुसऱ्या ओढ्यावर नेऊ नये.